समुद्राला गेलेला कुत्रा

आप्पा,

दवाखान्यात तुम्हाला दिलेली माफी मी परत घेते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की भिंतीवरच्या तुमच्या फोटोचा रंगसुद्धा उडत चाललाय, तेव्हा माफी परत घेतल्यानं तुमचं काही बिघडणार नाही हे मला कळतं. बिघडलंय ते माझं. गेल्या महिन्यात बापटल्याजवळच्या किनाऱ्यावर, माझ्या गाडीच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसून, शेंगा फोडता फोडता आईनं मला खरं काय ते सांगितलं. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. बोलायचं कुणाशी? आईला पुन्हा छेडावं तर तिचं वय झालंय. भावाच्या मुलांसाठी लिहून ठेवावं तर त्यांना मराठी बोलता येतं, वाचायला दिलं की दोन ओळींत दमतात. म्हणून तुम्हालाच लिहिते. तुम्हाला वाचता येत होतं आणि आता उलट बोलता येत नाही, एवढी सोय बस झाली.

आधी गाडीचं सांगते, कारण ती तुम्ही पाहिलेली नाही. मी शाळेतून निवृत्त झाले त्याच सुमाराला शाळेची जुनी मिनीबस मोडीत निघाली होती. ती मी घेतली. सीटा काढल्या, एका बाजूला आईसाठी पलंग, दुसऱ्या बाजूला माझ्यासाठी बाक, मागे शेगडी आणि पाण्याची टाकी. कड्या, आकडे, खिट्या सगळं बेगम बाजारातून पिशव्या भरभरून आणलं. तारनाक्याच्या आमच्या गल्लीत लोक हसले. बाईला या वयात काय सुचलं, दोन म्हाताऱ्या आणि दोन गावठी कुत्री घेऊन कुठं निघाली, असं म्हणायचे आणि संध्याकाळी येऊन गाडी आतून बघून जायचे. सुतार तर गोंधळूनच गेला होता. "मॅडम, कुत्त्यां के वास्ते बी गादी? मजाक तो नै कर रे?" मी म्हटलं, "हौ मियाँ, गादी. और खिडकी के बाजूच बनाओ, एकदम पीछे की बडी खिडकी." तो बिचारा मान हलवत मापं घेत राहिला. त्याला काय ठाऊक, ती मागची मोठी खिडकी मला कुठून सुचली होती.

ती तुमच्याच रेल्वेच्या डब्यावरून सुचली होती, आप्पा. सलून म्हटलं की आता लोकांना न्हाव्याचं दुकान आठवतं. आमच्या घरात सलून म्हणजे एकच, मोठ्या साहेबाचा तपासणीचा डबा. गाडीच्या शेवटी जोडायचा, आत झोपायची खोली, जेवायचं टेबल, स्वयंपाकघर, आणि शेपटाला भली मोठी काचेची खिडकी. रुळांवरचं घरच ते. तुम्ही त्या घराचे अटेंडंट. साहेबाचा चहा, जेवण, बिछाना, बूट आणि साहेबाची दोन कुत्री, सगळं तुमच्याकडे. कप आकड्याला कसे टांगायचे, कपाटाचं दार कुठल्या बाजूला उघडलं म्हणजे ब्रेक लागताना सामान बाहेर येत नाही, ताटलीखाली ओलं फडकं घातलं की ती धावत्या गाडीत सरकत नाही, हे सगळं तुम्ही घरी येऊन सांगायचात. माझ्या गाडीत आजही ताटल्या ओल्या फडक्यावरच असतात. धावत्या गाडीत तुम्हाला बसायची मुभा नव्हती. त्या सवयीनं घरीही तुम्ही जेवून झालं की स्वयंपाकघराच्या चौकटीला हात टेकवून उभे राहायचात. आई म्हणायची, "बसा की जरा, घर काय पळायलंय का?" तुम्ही हसायचात आणि उभेच राहायचात.

डबा यार्डात उभा होता आणि साहेब दिल्लीला गेले होते, तेव्हा एकदा तुम्ही मला आणि आईला तो दाखवायला नेलंत. मी तेव्हा चौथीत असेन. मला अजून तो वास येतो, पॉलिशचा आणि ओल्या गालिच्याचा. "हात लावू नको" हे तुम्ही दारातच बजावलं होतंत. मी हात मागे बांधून फिरले. खुर्चीवर बसले नाही, पलंगावर बसले नाही. मग त्या मोठ्या खिडकीखाली एक जुनीशी, केसाळ गादी दिसली. ही कुत्र्यांची, म्हणजे हिच्यावर बसलं तर चालेल, असा मी माझ्या बुद्धीनं हिशेब केला आणि बसले. खिडकीतून मागे गेलेले रूळ लांबवर दिसत होते. एवढ्यात तुम्ही माझा दंड धरून मला उचललंत. "ऊठ! साहेबाच्या कुत्र्यांचं हाय ते." इतकं जोरात ओढलंत की खांदा दुखायला लागला. मग माझ्या बसण्यानं गादीला पडलेल्या घड्या तुम्ही तळहातानं नीट केल्यात. घरी येईपर्यंत मला एवढंच वाटत होतं की हा डबा समुद्राकडं जातो तेव्हा साहेबाची कुत्री याच खिडकीतून समुद्र बघत असणार.

आणि मग ती कुत्री आमच्याच क्वार्टरात आली. साहेब कुटुंबासह परदेशी गेले, आणि त्यांची कुत्री सांभाळायची म्हणजे अटेंडंटनं आपल्या घरी न्यायची, ही तुमच्या खात्यातली न लिहिलेली रीत. बंगल्यावरून रोज मटण यायचं. ते आई शिजवायची, हळद घालून, मिठाशिवाय. आम्हा भावंडांना मटण रविवारी, तेही वाडग्याच्या तळाशी, कुत्र्यांना रोज. शिजताना आम्ही चुलीभोवती घुटमळायचो. तुम्ही चौकटीला हात टेकवून लक्ष ठेवायचात. "त्यातला तुकडा इकडं-तिकडं झाला तर मला सहन होणार नाही," म्हणायचात. तुमचा हा प्रामाणिकपणा क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत वाखाणला जायचा. माझं पोट मात्र त्यानं भरलं नाही.

त्या वेळी माझा तो कुत्रा होता. तांबडा, एक कान मोडलेला, मालगाडीच्या यार्डातून आमच्या दाराशी आलेला. त्याचं नाव इथं लिहीत नाही. तुम्हाला आठवत असेल तर आठवू दे, नसेल तर तुमची तीही लायकी नाही. साहेबाची कुत्री घरात आणि तो बाहेर पायरीवर. एका दुपारी मी त्या पातेल्यातला एक तुकडा चोरून त्याला घातला, आणि तो नेमका साहेबाच्या कुत्र्यांच्या इनॅमलच्या थाळीत घातला, कारण मला वाटलं त्यालाही एकदा थाळीत जेवू दे. तुम्ही दारातून आलात. मला एक लगावलीत, थाळी उचलून नळाखाली राखेनं घासलीत. त्याच आठवड्यात साहेबाच्या एका कुत्र्याच्या कानात गोचीड सापडली. गोचीड त्या बंगल्याच्या हिरवळीतून आली असेल, कुठूनही आली असेल. घरात आरोपी एकच होता.

मी शाळेतून आले तेव्हा पायरी रिकामी होती. मी आकांत केला, जेवले नाही, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही बदली साहेबाची फेरी करून लाइनवरून परत आलात ते हसत. मला मांडीवर घेतलंत. एरवी घेत नव्हतात. म्हणालात, "बाई, तुझा कुत्रा समुद्राला गेला. सलूनमधे घातला होता मी त्याला, स्वयंपाकघरात लपवून. गाडी सुटल्यावर सोडला. जाऊन सरळ त्या गादीवर बसला बघ, खिडकीपाशी. समुद्र दिसला तसा उठून उभाच राहिला." मग म्हणे तुम्ही त्याला बापटल्याला उतरवून किनाऱ्यावर नेलंत आणि तिथल्या कोळ्यांनी तो ठेवून घेतला. रोज ताजे मासे खातो. मी विचारलं, साहेबाला कळलं असतं तर? तुम्ही म्हणालात, "नोकरी गेली असती. पण तुझा कुत्रा हाय ना."

या एका वाक्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली. तुम्ही ड्यूटीला निघालात की मी माझ्या पानातली अर्धी भाकरी कागदात बांधून तुमच्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवायची, त्याच्यासाठी. तुम्ही ती न विसरता न्यायचात. परत आलात की मी बातमी विचारायची आणि तुमच्याकडे बातमी तयार असायची. जाड झालाय. होडीत बसतो. तुझी भाकरी ओळखतो, बरं का, माशांना सोडून आधी भाकरीला येतो. मला त्याचा हेवा वाटायचा. मी समुद्र पाहिला नव्हता आणि माझा कुत्रा रोज पाहत होता. सहावी-सातवीत गेल्यावर मी विचारायचं सोडलं, भाकरी बांधायचं सोडलं. पण विश्वास सोडला नाही.

त्याच्या जोरावर तुमचं बाकीचं सगळं मी गिळलं. मला कॉलेजला घालताना तुम्ही केलेली खळखळ. साहेबाच्या मुलीच्या लग्नात आईला भांडी घासायला पाठवलंत ते. साहेब बदलून गेल्यावर त्यांचा फोटो देवघराशेजारी लावलात ते. मी भूगोलाची बाई झाले, पोरांना किनारपट्टी, खाड्या, त्रिभुज प्रदेश शिकवले, आणि समुद्र मी स्वतः नोकरीला लागल्यावर, शाळेच्या सहलीत पाहिला. रेल्वेचा फुकट पास असूनही तुम्ही आम्हाला कधी नेलं नाहीत. "बघून काय करायचं, पाणीच तर हाय," म्हणायचात. राग यायचा. मग मनात म्हणायची, साहेबाचा नियम या माणसानं जन्मात एकदाच मोडला आणि तो माझ्यासाठी मोडला. दवाखान्यात तुमचं शेवटचं आलं तेव्हा मी तुमच्या उशाशी बसून हेच बोलले. म्हणाले, आप्पा, माझ्या मनात पुष्कळ होतं, पण तुम्ही माझ्या कुत्र्याला समुद्र दाखवलात, माझी काही तक्रार नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. शुद्धीवर होतात, चांगले शुद्धीवर होतात. आणि म्हणालात, "हौ."

आता माझी दोन कुत्री. थोरली काळी आहे, तिला जवळजवळ दिसतच नाही. धाकटा तीन पायांवर चालतो, तारनाक्याच्या चौकात एका ऑटोखाली आला होता. या दोघांना आणि आईला घेऊन मी अनंतगिरीच्या डोंगरात राहून आले, नागार्जुनसागरच्या काठावर राहून आले. श्रीशैलच्या जंगलाच्या गेटवर शिपायानं अडवलं, "अम्मा, कुत्ते अंदर नक्को. शेर का जंगल है." बरोबरच होतं त्याचं. मी गाडी अलीकडच्या गावात चिंचेखाली लावली आणि आम्ही चौघं जंगल बाहेरूनच बघत बसलो. आई म्हणाली, इथून पण झाडंच दिसतात की. कुत्री मागच्या खिडकीपाशी त्यांच्या गादीवर. मी गाडी चालवताना आरशात त्यांचे कान बघायची आणि मला फार बरं वाटायचं. सगळ्यात जास्त वेळा गेले ती बापटल्याला, कारण तुम्ही सांगितलेलं स्टेशन तेच. पहिल्याच फेरीत मला दिसलं की रुळांवरून समुद्र दिसणं शक्य नाही. स्टेशनापासून किनाऱ्यापर्यंत गाव आहे, शेतं आहेत, काजूच्या बागा आहेत, मग कुठं वाळू. भूगोल शिकवण्यात जन्म घालवलेल्या बाईला हे कळलं आणि तिनं काय केलं? तिनं ठरवलं की तेव्हा बागा नसतील. तांबडी कुत्री तिथं पुष्कळ आहेत. एखाद्याचा कान मोडलेला दिसला की मी गाडी थांबवायची. कुत्र्यांच्या कितीतरी पिढ्या मधे होऊन गेल्या असतील, तरी थांबवायची.

गेल्या महिन्यात तसाच एक दिसला. होडीच्या सावलीत झोपला होता, तांबडा, कान मोडलेला. मी आईला म्हटलं, "बघ आई, आपल्याचाच वंश. आप्पांनी इथंच सोडला असणार त्याला." आई शेंगा फोडत होती. दर वेळी हे ऐकून गप्प बसायची. या वेळी तिनं टरफलं पदरातून झटकली आणि म्हणाली, "आता पुरं कर की माय ते. कुठलं सलून अन् कुठला समुद्र? त्यांना स्वतःला बसू देत नव्हते तिथं, कुत्र्याला कोण बसवायलंय?" मला आधी वाटलं ती विसरली आहे. ती काही विसरली नव्हती. तुम्ही त्याला पोत्यात घालून मौलालीच्या पलीकडं सोडून आलात. दुसऱ्या दिवशी तो परत आला. मी शाळेत होते. तुम्ही मच्छरदाणीच्या दांड्यानं हाणलंत, तर तो रस्ता ओलांडून समोरच्या झाडाखाली जाऊन बसला आणि घराकडं बघत राहिला. मग तुम्ही सायकलवर गेलात आणि कुत्री धरणारी गाडी बोलावून आणलीत. तेव्हा धरलेली कुत्री परत सोडत नसत. म्हणजे कुत्रा गाडीत बसून गेला, एवढंच तुमच्या गोष्टीतलं खरं.

"मग तू का बोलली नाहीस?" मी आईला विचारलं. ती म्हणाली, "तू जेवायलीस ना त्या गोष्टीवर. मी कशाला बोलू?" थोड्या वेळानं आपणहून म्हणाली, "तुझी ती भाकरी, ती ते खायचे. मी एकदा विचारलं, टाकून का देत नाही. तर म्हणले, टाकवत नाही. गाडी लाइनीला लागली की दारात उभं राहून खातो म्हणले." मी उठून लांब पाण्याकाठी गेले. थोरली आली मागोमाग, तिला दिसत नाही तरी आली.

कुत्रा मेला याचा राग नाही, आप्पा. असं म्हणणं खोटं आहे, त्याचाही आहे. तो झाडाखाली बसून घराकडं बघत होता हे मला आता रोज दिसतं, आणि पाहिलेलं नसून दिसतं. पण खरा राग त्या "हौ"चा आहे. त्या दिवशी तुम्ही गप्प राहिला असतात तरी चाललं असतं. भिंतीकडं तोंड केलं असतंत तरी मी काहीतरी समजले असते. मी तुमच्या हातात माफी ठेवली आणि तुमची नाही हे माहीत असून तुम्ही ती घेतलीत. साहेबाच्या मटणातला एक तुकडा न घेणारे तुम्ही, माझी एवढी मोठी गोष्ट बिनदिक्कत घेऊन गेलात. साहेबाच्या बाबतीत खरे आणि घरच्या पोरीशी खोटे. तुमच्या प्रामाणिकपणाचे गोडवे गाणारे कुणी अजून जिवंत असतील तर त्यांना मी हे ऐकवीन म्हणते. ऐकवणार नाही, मला माहीत आहे. पण म्हणते.

तुम्ही साहेबाला घाबरत होतात, क्वार्टर जाईल म्हणून घाबरत होतात, हे मला कळत नाही असं नाही. मीही नोकरी केली आहे. पण कळलं म्हणून दुखायचं थांबत नाही, आणि या खेपेला मी ते थांबवायला जाणारही नाही. माफी परत घेतली ती घेतलीच. गाडी मात्र विकणार नाही. गाडीत ती गादी तुमच्या थापेवरून आली, खिडकी तुमच्या थापेवरून आली, पण तिथं बसलेली दोन कुत्री खरी आहेत आणि त्यांना समुद्र खरोखर दिसतो. थोरलीला दिसत नाही, तिला वास येतो.

हा कागद कुठं टाकायचा नाही, कुणाला वाचून दाखवायचा नाही. ताटल्यांखाली घालीन, फडक्याबरोबर ओला होऊन जाईल. एक मात्र सांगून टाकते. आज आम्ही पुन्हा निघतोय, या वेळी चिराल्याच्या बाजूला. आज सकाळी वाटेसाठी भाकरी बांधत होते. आईच्या वेगळ्या, कुत्र्यांच्या वेगळ्या. बांधून झाल्यावर बघते तर एक अर्धी भाकरी निराळ्या कागदात बांधली गेली होती, डब्याशेजारी, पूर्वी ठेवायची तशी. ती कोण खायचं हे आता मला माहीत आहे. तरी मी ती पुडी सोडली नाही.